विंगेतलं स्टूल

गुरुजी, आज दुपारपासून गाडी उभी आहे. कॉम्प्रेसरचा पाइप फुटला. मेकॅनिक तालुक्याहून येऊन राहिला म्हणतात, आणि तो येईपर्यंत सगळ्यांना सुट्टी. बाकीचे गाडीखालच्या सावलीत ताडपत्री टाकून झोपले. मला झोप येत नाही. मी त्या बाभळीपर्यंत जाऊन आलो, पाण्याच्या ड्रमवर बसलो, उठलो, पुन्हा बाभळीपर्यंत गेलो. मग केबिनमधून बोअरवेलच्या जाहिरातीची पत्रकं काढली, त्यांची पाठ कोरी असते, आणि लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत मला गावाकडं हो किंवा नाही सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही विचारायची वेळ आली की तोंड तुमच्याकडंच वळते. तुम्ही म्हणायचे, लिहिताना पुस्तकासारखं लिही, बोलताना मायसारखं बोल. पाहतो जमते का. मधेच बोलणं शिरलं तर शिरू द्या.

मी कर्नाटकात आहे, विजापूरच्या पुढं. बोअरच्या गाडीवर. ह्याआधी सुरतेत साड्यांना खडे चिकटवले, पुण्याकडं कंपनीत डबे भरले, हैदराबादेत एका इमारतीच्या लिफ्टपाशी टोपी घालून उभा राहिलो. एकाही ठिकाणी कोणी जा म्हटलं नाही, मीच निघालो. इथं तेवढं बरं आहे, जागाच रोज बदलते. मी सोडायच्या आधी गाव मागं पडते. मशीन सुरू झाली की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. ड्रिलर अण्णा तमिळ, पोरं छत्तीसगडची, पण भाषेची गरजच नाही, सगळं हातानं. मूठ दाखवली की थांब, दोन बोटं दाखवली की नवीन रॉड आण. दिवसभर एक शब्द न बोलता माणूस काम करू शकते, हे तुम्हाला पटलं नसतं. मला मात्र ते मानवलं होतं. परवापर्यंत.

गोष्ट अशी आहे की यंदा आपल्या गावच्या मंडईला पुन्हा नाटक काढतात. भाऊबीज झाली की मंडईची जत्रा, आणि मंडईच्या दुपारी गावच्याच पोरांचं नाटक, हे तुम्हीच लावून दिलेलं. आजूबाजूच्या गावांत त्या रात्री वडशाहून पैसे देऊन आणलेल्या कंपनीचं नाटक असते आणि लोक तिकडं जाणारच, म्हणून आपलं दुपारी, उन्हात. तुम्ही गेल्यापासून ते बंद पडलं. कारण सगळ्यांना माहीत आहे. धान कापणीच्या दिवसांत तालमीला कोण येणार? पोरं अर्धं पाठ करून स्टेजवर चढतात आणि उरलेलं विंगेतून येते. विंगेत पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर नसला तर आपल्याकडं नाटकच नाही, आणि तो प्रॉम्प्टर म्हणजे तुम्ही, शाळेतलं ते तीन पायांवर उभं राहणारं स्टूल घेऊन. आता गावच्या मंडळाला तेच नाटक पुन्हा करायचं आहे जे आपल्या वेळी अर्धवट राहिलं. पुस्तक तुमच्या ट्रंकेत आहे, आणि तुमच्या मागं घर सांभाळणारी काकू ते कोणाला देत नाही. म्हणते, विंगेत बसायला तो येत असेल तर देते, नाहीतर कंपनी आणा. तो म्हणजे मी. नववी नापास.

मंडळाचा सेक्रेटरी माझ्याच वर्गातला, तोच जो तुमच्या तासाला खिडकीतून तलावातले बगळे मोजायचा. त्याचा सकाळी फोन होता.

"अबे, येऊन राहिला का नाई, एवढंच सांग."

"दुसरा कोनी पाहा ना बे. शिकलेले पोट्टे का सरले?"

"शिकलेले नागपूरले गेले. जे हायेत त्यायले मोबाइलवरचं वाचता येते, कागदावरचं नाई. मी तं काकूले मनलं, मी बसतो विंगेत. तं मनते, बस ना बाबू, स्टूल नेऊन टाक. पन पुस्तक कोनतं वाचशीन?"

"मंग मी काय करू?"

"सांजेपर्यंत सांग. नाईतं उद्या वडशाले जाऊन कंपनी ठरवून येतो. मंग बोंबलजो नको, आपलं नाटक मेलं मनून."

तुम्हाला आठवायला बसलो की आधी तुमचे हात आठवतात, ओले. पुस्तकाला हात लावायच्या आधी तुम्ही हात धुवायचे, पंच्याला पुसायचे आणि मग वाळेपर्यंत दोन्ही हात समोर धरून उभे राहायचे, जसं कोणी तुमच्यावर बंदूक रोखली आहे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, त्याला मुद्दाम शिवून घेतलेले दोन खिसे, एक पेनचा आणि दुसरा कुठंतरी सापडलेल्या कागदाचा. पायजम्याचा उजवा पाय सायकलच्या साखळीत जाऊ नये म्हणून वाळवणीचा चिमटा लावलेला, तो काढायला तुम्ही विसरायचे आणि शाळेत दिवसभर चिमटा लावूनच फिरायचे. तपासणीला नवीन आलेल्या साहेबाला वाटलं ही काही तब्येतीची गोष्ट आहे. चष्म्याच्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. सायकलच्या हँडलला चुंगडीच्या तरटाची शिवलेली थैली, तिच्यात डबा खाली आणि पुस्तकं वर, कारण डब्यातलं सांडलं तर ते खालीच राहावं.

आणि वाचणं. तुमचं वाचणं हा काही अभ्यास नव्हता, ती भूकच होती. एकदा अड्याळच्या बाजारात तुम्ही मला सोबत नेलं होतं. तुम्ही भजे घेतले, आणि खायच्या आधी भज्यांखालचा कागद वाचायला लागले. वाचून झाल्यावर कढईवर बसलेल्या बाईला विचारलं, "बाई, ह्याच्या पुढचा कागद कुठं गेला?"

"कोनता कागद, गुरुजी?"

"हे पाहा ना. त्यानं विहिरीत दोर सोडला, इथपर्यंतच आहे. तो मानूस वर आला का नाही?"

"आता मले काय मालूम? आला असन, नाईतं मेला असन. त्याचे भजे त्या लाल दुपट्टेवाल्यानं नेले."

मग तुम्ही साऱ्या बाजारात लाल दुपट्टा शोधला. मी मागं मागं, हातात तुमचे भजे. मिरचीवाल्यांच्या रांगेत, बैलांच्या दावणीत, कासाराच्या दुकानापाशी. सापडला तो माणूस, पण भजे खाऊन त्यानं कागद टाकला होता आणि कागद एका गाईच्या तोंडात होता. तुम्ही गाईजवळ उभे राहिले. मला वाटलं, आता हे गाईला विचारतात. परत येताना सायकल हाणता हाणता तुम्ही त्या विहिरीतल्या माणसाचे वेगवेगळे शेवट मला सांगितले, एकही तुम्हाला पटला नाही. भजे मीच खाल्ले.

वर्गात दुपारच्या सुट्टीनंतर तुम्ही वाचून दाखवायचे. भिंतीला पाठ, एक पाय दुमडून भिंतीला टेकवलेला. सुरुवातीला आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत. मग गोष्ट रंगत गेली की आवाज बारीक होत जायचा, मग नुसते ओठ हलायचे, मग तेही थांबायचे आणि नुसतं पान उलटायचं. आम्ही वाट पाहायचो. मग आम्ही एकमेकांना चिमटे काढायला लागायचो. मग कोणीतरी पडायचं, तेव्हा तुम्ही दचकून वर पाहायचे आणि म्हणायचे, "हं, तर मग." आणि पुढंच निघायचे. मधली गोष्ट कुठं गेली हे आम्हाला कधी कळलं नाही. त्या वर्गातून शिकलेल्या सगळ्या गोष्टींना मधे एक भोक आहे.

घरी काकू होती म्हणून तिथं असं चालत नव्हतं. काकूला अक्षर येत नाही, पण तुम्ही वाचलेली एकही गोष्ट ती विसरलेली नाही. थंडीत ती चुलीजवळ शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा सोलत बसायची, तुम्ही भिंतीशी पुस्तक घेऊन, आणि मी दाराशी. दाणे टोपल्यात, सालं सुपात. तुमचा आवाज खाली जायला लागला की काकू एक भरलेली शेंग उचलायची आणि नेमकी चष्म्यावर मारायची.

"मोठ्यानं! का भितीले विचारू मी, पुढं काय झालं?"

"हो, हो. कुठं होतो मी?"

"थो बुढा तयाच्या पान्याकाठी, पारीवर उभा होता. त्याची बायको रडून राहिली होती. अन् तुमी दोन पानं गिळले."

नापास झालो ते सांगायला मी त्याच स्वयंपाकघरात आलो होतो. तुम्ही रागावले नाही. बस म्हणाले, काकूनं लाखोळीची भाजी वाढली. पण बोलता बोलता मी समोरच्या पुस्तकाचा कोपरा दुमडला, आणि तुमचा आवाज असा चढला की काकूच्या हातातला डाव खाली पडला. "परीक्षा पुन्हा देता येते. ते पान आता जलमभर तसंच राहीन!" मला हसू आलं, मग रडू आलं. नापासाचं मी कधी मनावर घेतलं नाही. ते पान मात्र घेतलं. मग धान रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखलात उभा राहिलो, कापणीला पेंड्या बांधल्या, आणि रविवारी तुमच्याकडं येत राहिलो. मला बोट ठेवून वाचावं लागायचं. अजूनही लागते. तुम्ही कधी बोट काढ म्हटलं नाही.

आणि मग ते नाटक. कव्हर फाटलेलं, नाव गेलेलं पुस्तक तुम्ही लाखनीच्या रस्त्यावरच्या रद्दीवाल्याकडून आणलं होतं. दोन भावांची गोष्ट. मी लहाना भाऊ झालो, गावचा किराणावाला मोठा भाऊ. तालमीत तुम्ही एकच सांगायचे, "पहिले दोन शब्द मी देईन. बाकीचं तुया तोंडात असलं पाहिजे." बैलबंड्या जोडून केलेलं स्टेज, मागं काकूच्या आणि शेजारणींच्या साड्यांचे पडदे, डोक्यावर ऊन. तुम्ही विंगेत स्टुलावर. दुसरा अंक संपत आला. मोठा भाऊ मला विचारतो, का चाललास, ह्या घरानं तुला काय कमी केलं? आणि त्यावर मला पानभर बोलायचं असते.

माझ्या डोक्यात काही नाही. पांढरं. मी विंगेकडं पाहतो. तुम्ही तिथंच आहात, साडीतून गाळून आलेला हिरवा उजेड तुमच्या सदऱ्यावर, पुस्तक नाकाला लागलेलं. दोन शब्द येतील म्हणून मी उभा. येत नाहीत. किराणावाला डोळे मोठे करतो. लोकांतून कोणीतरी ओरडते, "काय गा, जीभ घरी राह्यली का?" हसू उसळते. मी अजून तुमच्याकडंच पाहून राहिलो. तुम्ही मान वर करत नाही. आणि मग माझ्याच तोंडातून निघते, "दादा, मले इथं बसवत नाही. काहून ते मले नाही समजत. पन बसवत नाही." एवढं बोलून मी स्टेजवरून खाली उतरलो आणि लोकांतून चालत निघून गेलो.

टाळ्या पडल्या, हे मला मागून कळलं. किराणावाल्याजवळ पानभर उत्तर होतं, पण मी न बोललेल्या गोष्टींचं. तो बिचारा माझ्या पाठीकडं पाहत म्हणाला, "बरं, जाय मंग." लोक हसून हसून आडवे झाले. पुढं कोणाचा मेळ कोणाला लागला नाही, तिसरा अंक सुरूच झाला नाही, साडी सोडून टाकली. सांज व्हायच्या आत लोक दुसऱ्या गावी कंपनीचं पाहायला निघाले. मी तुम्हाला शाळेच्या मागं गाठलं, तुम्ही स्टूल सायकलला बांधत होते. विचारलं, "गुरुजी, काहून नाही देल्ला शब्द?"

तुम्ही चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. खूप वेळ पुसला. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तुले लागला कुठं गा?"

आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

त्या वाक्यावर मी जगलो, गुरुजी. मला वाटलं तुम्ही मुद्दाम गप बसले. मला वाटलं तुम्ही पाहिलं की ह्या पोराला कोणाच्या शब्दाची गरज नाही, हा आपल्या आपण बोलू शकते, आपल्या आपण जाऊ शकते. चुरणी झाली, धान घरी आलं आणि मी सुरतेला निघालो. जिथं जिथं कोणी थांब म्हटलं, समजावून सांगतो म्हटलं, तिथं मी मनात म्हणायचो, मले लागते कुठं. सुरतेच्या खोलीतल्या पोरांना मी तुमची गोष्ट सांगितली आहे, हैदराबादच्या वॉचमनला सांगितली आहे. माझे गुरुजी असे होते, शब्द न देऊन माणूस उभा करायचे.  तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दूर होतो, पोचलो तेव्हा तेरवी होऊन गेली होती. काकूनं ताट वाढलं. मी जेवलो आणि दुसऱ्या दिवशी निघालो. तुमच्या गोष्टीतल्या माणसानं रेंगाळू नये असं मला वाटायचं.

परवा काकूचा फोन आला. शेजारच्या पोरीनं लावून दिला होता.

"काहून गा, येत काहून नाईस?"

मी म्हटलं, "काकू, मले धड वाचता कुठं येते. अन् गुरुजीच्या जागेवर म्या बसावं का? ते शब्द न देऊनही मानसाले उभं करत होते."

"म्हंजे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्या चष्मा पुसण्यासकट. तिकडून हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाटलं काकूला भरून आलं. मग खोकल्यासारखं ऐकू आलं, आणि मग कळलं की ती हसून राहिली.

"अगा ए बावळ्या! ते वाचत बसले होते!"

"काय?"

"पुढचं! पुढं का होते ते पाहाले गेले अन् तिकडंच राह्यले. मी समोरच बसली होती ना बायायत. तू पाहून राह्यला, अन् ह्यायनं पान उलटलं. आजून एक उलटलं. मी मनलं, गेले आता हे. माया हातात शेंग नोयती, नाईतं तितूनच मारली असती. मी खोकलली. मोठ्यानं खोकलली. बाया मनतात, काकू, पानी आनू का?"

मी तिथंच रॉडच्या थप्पीवर बसलो.

"घरी आले तं जेवले नाई. मने, पोराले उन्हात उभं ठेवलं म्या. मी मनलं, जा, सांगा त्याले. मने, सांगतो, सांगतो. अन् तू तं निघूनच गेला बाबू."

"अन् 'तुले लागला कुठं' मनले ते?"

"मंग का मनतीन? गुरुजी होते ना. लाजले."

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर तुम्ही ते पुस्तक तिच्यासमोर कधी उघडलं नाही. ती म्हणायची, मले तरी तिसरा अंक वाचून दाखवा, आणि तुम्ही म्हणायचे, मंडईत पाहाशीन, औंदा नाई तं पुढच्या साली. आणि तुम्ही गेले. "त्यायनं एकट्यानं वाचून घेतलं अन् गेले. थो लहाना भाऊ घरून गेल्यावर का झालं, मले आजूनही नाई मालूम. पोरी मनतात वाचून दाखवतो, पन मले वाचून नाई पाहिजे आता. मले समोर पाहाचं आहे. तू अर्ध्यातून उतरला होता, तूच पुरं कर."

फोन ठेवला आणि मला राग आला. हसू यायला पाहिजे होतं, पण राग आला. ज्वारीच्या शेतातून मी सरळ चालत सुटलो, अण्णा मागून शिट्ट्या मारत होता. इतकी गावं सोडली ज्या वाक्याच्या जोरावर, ते वाक्य एका लाजलेल्या माणसानं वेळ मारून न्यायला म्हटलं होतं. म्हणजे तुम्ही माझ्यात काही पाहिलंच नव्हतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंच नव्हतं, तुम्ही पानाकडं पाहत होते. मी बांधावर बसलो, उठलो, एक ढेकूळ लाथेनं उडवलं. मग मला ती गाय आठवली, अड्याळची, कागद चावणारी, आणि तिच्यासमोर उभे तुम्ही. पुढं काय झालं ते कळेपर्यंत तुम्ही कोणाचेच नव्हते, गुरुजी. बाजारात मी मागं राहिलो तेव्हाही तुम्ही वळून पाहिलं नव्हतं. तेव्हा मला राग आला नव्हता. तेव्हा भजे होते.

शेजारच्या पोरीनं पुस्तकाचे फोटो पाठवले, पानापानाचे. एका कोपऱ्यात काकूचा अंगठा आलेला आहे, पुस्तक तिनं हातातून सोडलेलं नाही. मी येतो म्हटलेलं नव्हतं, तरी मोठ्यानं वाचायची सवय करून पाहिली. जागा चांगली आहे, कॉम्प्रेसरच्या बाजूला उभं राहून कितीही ओरडा, कोणाला ऐकू जात नाही. एका हातात रॉडची पकड, एका हातात मोबाइल. अण्णाला माझं तोंड हलताना दिसलं. मशीन थांबल्यावर म्हणतो, "ऐ मराठी, किससे लड़ रहा है?"

"नाटक है अण्णा."

"बीवी ला. फिर घर में ही नाटक देखना."

माझी भीती तुम्हाला सांगतो. मी वाक्याच्या मधे अडकतो. जोडाक्षर आलं की थांबतो. स्टेजवरचं पोरगं माझ्याकडं पाहत असेल आणि मी अक्षरावर बोट ठेवून उभा असेन, आणि सारं गाव, ज्यानं मला उतरून जाताना पाहिलं, ते पुन्हा पाहील. कंपनी आणली तर कोणाचं काही बिघडत नाही. गावाला नाटक मिळेल, मला इथं राहता येईल, उद्या गाडी सोलापूरकडं निघणार आहे. फक्त काकू ट्रंकेवर बसून राहील. आज सकाळपर्यंत मी नाहीच म्हणणार होतो.

आज सकाळी आम्ही एका पपईवाल्याच्या शेतात होतो. मी दुसऱ्या अंकाच्या शेवटाशी आलो, जिथं मी उतरलो होतो. लहान्या भावाचं ते पानभर बोलणं मोठ्यानं वाचलं, बोट ठेवून, अडकत अडकत. मग मोठ्या भावाचं उत्तर आलं. ते मी कधी ऐकलंच नव्हतं, किराणावाल्यानं ते कधी म्हटलंच नाही. ते वाचता वाचता माझा आवाज कुठं गेला मला माहीत नाही. बोट कधी उचललं गेलं तेही माहीत नाही. मी पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. आणि कानावर फाटकन ओल्या चिखलाचा गोळा बसला. अण्णानं मारला होता. तो केव्हाचा मूठ दाखवून राहिला होता, मग दोन बोटं, मग दोन्ही हात. चिखल ओला होता कारण पाणी लागलं होतं, गुरुजी. पाण्याचा लोट पपईच्या वर उडून राहिला होता, पोरं त्याखाली नाचत होती, शेतवाल्याची बायको नारळ घेऊन धावत आली होती, आणि मी त्या सगळ्याच्या मधे कोरडा उभा, मोबाइल नाकाला लावून.

मेकॅनिक आला आहे. अण्णा उठवून राहिला सगळ्यांना, म्हणजे लवकर लिहावं लागेल. हे लिहिता लिहिता मी दोन फोन केले. सेक्रेटरीला म्हटलं, येतो. तो म्हणाला, "पक्कं ना बे? का बरं, जाय मंग?" मी त्याला शिवी दिली. मग काकूला केला. तिनं हो-नाही काही विचारलं नाही, आधी हेच विचारलं, "फोटो आले ना? मंग वाचला असशीन. शेवट का होते गा?"

मी म्हटलं, "मंडईत पाहाशीन, काकू."

"मेल्या! तूबी तसाच!" मग म्हणाली, "मी विंगेत तुया बाजूनं बसीन. तुरीले आजून शेंगा नाई धरल्या, पन तयात शिंगाडे आले हायेत. काट्यायचे घेऊन बसीन, ध्यानात ठेवजो."

अण्णाला सांगून जाणार आहे. आजपर्यंत कुठूनच सांगून निघालो नव्हतो. "वापस आएगा?" असं तो विचारील, आणि ते मी अजून ठरवलेलं नाही. ह्या पत्रकांचंही काय करायचं ते नाही ठरवलं. पानापानावर ग्रीसची बोटं उठली आहेत, तुम्ही तर हात धुतल्याशिवाय मला ह्यांच्या जवळही येऊ दिलं नसतं. गाडीच्या टूलबॉक्सात पाने-पकडी गुंडाळायला कामी येतील.

एक राहिलं. त्या दिवशी तुम्ही नेमकं कुठं पोचले होते, ते आता मला माहीत आहे. त्याच पानावर मीही होतो, सकाळी. आणि खरं सांगतो, स्टेजवर कोणीही उभं असतं ना गुरुजी, मीही शब्द दिला नसता.